कलम २०: इजिप्तमधला खुला

हा इजिप्तमधला निकाहनामा. नवरा-नवरीचे फोटो, अंगठ्यांचे ठसे आणि खाली निकाह नोंदवणाऱ्या माझूनची सही. त्यातले मेहरचे, म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायच्या रकमेचे, दोन आकडे नीट बघा. पहिला मुकद्दम, म्हणजे लग्नात दिलेली रक्कम. दुसरा मुअख्खर, म्हणजे तलाक झाला किंवा नवरा वारला, की द्यायची.

१९२९च्या कायद्यानं बायकोला छळाच्या कारणावरून तलाक मागता येतो. पण छळ सिद्ध करायला साक्षीदार हवेत, आणि बंद दाराआडच्या मारहाणीला ते आणायचे कुठून? त्यात अपिलांमध्ये वर्षं जातात.

२०००च्या कायदा क्रमांक १मधल्या कलम २०नं दुसरी वाट काढली, ती खुला, म्हणजे मेहर सोडून बायकोनं घ्यायचा तलाक. नवऱ्याच्या होकाराशिवाय खुला नाही, असं बहुतेक जुने फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचे पंडित, मानत. इथे तो होकार लागत नाही. कारणही सिद्ध करावं लागत नाही. या माणसाबरोबर संसार नकोसा झालाय आणि अल्लाहनं घातलेल्या मर्यादा आपल्या हातून पाळल्या जाणार नाहीत अशी भीती वाटते, एवढं तिनं कोर्टात स्पष्ट सांगायचं. त्याआधी दोन मध्यस्थ समेट घडवून बघतात. त्यांना जास्तीत जास्त तीन महिने. मुलं असतील तर समेटाचा प्रयत्न किमान दोनदा, मध्ये ३० ते ६० दिवसांचं अंतर ठेवून. निकालावर अपील नाही.

वाट जवळची आहे, स्वस्त मात्र नाही. मुकद्दम परत करायचा. मुअख्खर, इद्दतीतली (तलाकनंतर पुन्हा लग्न करण्याआधी थांबायच्या काळातली) पोटगी आणि मुतआ, म्हणजे तलाकची भरपाई, यांवर पाणी सोडायचं. नवऱ्यानं आपणहून तलाक दिला असता, तर मुतआ म्हणून किमान दोन वर्षांच्या पोटगीएवढी रक्कम तिला मिळाली असती.

घोळ होतो तो पहिल्या आकड्यावरून. कित्येक घरांत निकाह नोंदवायची फी वाचवायला मुकद्दम एक पाउंड लिहितात. मग नवरा म्हणतो, मी हजारो दिले. कोर्ट कागदावरचा आकडा धरतं.

दुसरी चूक बायकोकडून होते. फ्रिजपासून चमच्यांपर्यंत संसाराच्या सामानाची किमतींसकट यादी असते, तिला कायमा म्हणतात. हे सामान आपल्याकडे अमानत आहे, अशी नवऱ्याची त्यावर सही असते. मेहर सोडली म्हणजे यादीही गेली, असं समजून ती गप्प बसते. कायमा वेगळी. सामान परत दिलं नाही, तर नवऱ्यावर विश्वासघाताचा फौजदारी खटला भरता येतो.

मुलांचा ताबा आणि त्यांची पोटगी यांचा तर सौदाच करता येत नाही. खुल्याच्या बदल्यात आईनं लिहून दिलं, तरी ते ग्राह्य नाही.