कपाटातली कार्टून्स

(काळा पडदा. फक्त प्रोजेक्टरचा आवाज. मग उजेडाचा चौकोन, त्यात उडणारी धूळ.)

'टॉम अँड जेरी'मधल्या त्या बाई आठवतात? चेहरा नाही, नुसते पाय. खाली घसरलेले मोजे, पायात सपाता, हातात झाडू आणि "थॉमस!" अशी हाक, की टॉमची बोबडी वळायची. 1995 साली कार्टून नेटवर्क आपल्याकडे आलं आणि शाळेतून येऊन दप्तर फेकलं की समोर ते पाय.

त्या बाईंना मॅमी टू शूज म्हणतात. 1940 च्या पहिल्याच कार्टूनमध्ये त्या आहेत, 1952 नंतर नाहीत. मूळ आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा. जाडजूड, तोंडाळ, गोऱ्यांच्या घरात राबणारी काळी मोलकरीण हा तेव्हाच्या अमेरिकी सिनेमातला ठरलेला साचा होता, त्याच साच्यातून ही बाई निघाली. पुढे 1960 च्या दशकात ही कार्टून्स टीव्हीवर दाखवायची वेळ आली तेव्हा काही भागांत त्यांच्या जागी बारकी गोरी बाई काढली गेली. आवाज दिला जून फोरे यांनी. आणखी काही दशकांनी उरलेल्या भागांतला आवाजही बदलला. पाय तेच, बोलणारी दुसरीच.

म्हणजे आपण लहानपणी ज्यांना ऐकलं त्या नक्की कोण, हे छातीठोकपणे सांगणं कठीण. पण आधी काय होतं, हे ताडून पाहायचं तर कुठे जायचं? बऱ्याचदा कोणाच्या तरी घरी. जिन्याखालच्या कपाटात, पत्र्याच्या डब्यात, 16 एमएमच्या, म्हणजे 16 मिलिमीटर रुंद फिल्मच्या रिळात.

(हात डब्याचं झाकण उघडतात. पत्र्याचा करकर आवाज.)

झाकण उघडलं की आधी नाक कामाला लागतं. आंबूस वास आला, व्हिनेगरसारखा, तर समजायचं, फिल्म मरायला लागली आहे. अ‍ॅसिटेटची फीत ओल आणि उष्णता लागली की कुजते, त्यातून खरोखरच व्हिनेगरचं आम्ल सुटतं. फीत आकसते, वाकते, प्रोजेक्टरच्या दातांत बसेनाशी होते. आणि हे लागट दुखणं आहे. एक डबा आंबला की शेजारच्यांना धोका. लोणच्याच्या बरणीत एक नासकी फोड जे करते, तेच.

वास नसेल तर फीत उजेडासमोर धरायची. कडेला बारीक खुणा असतात. गोल, चौकोन, त्रिकोण, अधिक. कोडॅक कंपनी कोणत्या वर्षी फिल्म तयार झाली ते अशा खुणांनी नोंदवायची. खुणांची ही माळ वीस वर्षांनी पुन्हा तीच येते, त्यामुळे 1945 की 1965, हे बाकीच्या गोष्टींवरून ताडायचं. मुरलेल्या संग्राहकाला सिनेमा सुरू व्हायच्या आधीच प्रिंटची, म्हणजे हातातल्या प्रतीची, निम्मी कुंडली कळलेली असते.

मग रंग. इथे दोन जाती. ईस्टमनकलरच्या जुन्या प्रिंटमध्ये निळसर रंग आधी पळतो आणि उरतं ते सगळं गुलाबी. आकाश गुलाबी, गवत गुलाबी. दुसरी जात टेक्निकलरची. त्यात रंग छापायचे, अगदी शिळाप्रेसवर देवादिकांच्या तसबिरी छापायचे तसे, एकावर एक तीन. अशी प्रिंट सत्तर-ऐंशी वर्षांनीही काल काढल्यासारखी दिसते. लाल तो लालच. कार्टूनला तर टेक्निकलरचा तीन पट्ट्यांचा अवजड कॅमेराही लागत नसे. चित्र हलत नाही ना, मग एकच चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून तीनदा टिपायचं. 1932 मध्ये डिस्नेने या तीन रंगांत पहिलं कार्टून काढलं आणि 1935 पर्यंत इतर कार्टूनवाल्यांना ते तंत्र मिळू दिलं नाही. म्हणून त्या तीन वर्षांत बाकीच्यांची कार्टून्स दोनच रंगांत अडकलेली दिसतात. तांबूस आणि हिरवट-निळं, बस.

(फुलक्याएवढं रीळ तळहातावर.)

सात मिनिटांचं कार्टून म्हणजे थिएटरच्या 35 एमएममध्ये साधारण 630 फूट, 16 एमएममध्ये 250. फरक फक्त लांबीचा नाही. 35 एमएमची फिल्म 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नायट्रेटची असायची आणि नायट्रेट म्हणजे घरात ठेवलेली दारूगोळ्याची पेटी. पेटलं की विझत नाही, पाण्यात बुडवलं तरी जळतं, कारण त्याचा ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. 8 जानेवारी 2003 ला लॉ कॉलेज रोडवर, जिथे एकेकाळी प्रभात स्टुडिओ होता त्या आवारात, नायट्रेट रिळांच्या कोठाराला आग लागली आणि आपल्या सिनेमाच्या पहिल्या काही दशकांचा मोठा ऐवज काही तासांत गेला.

16 एमएम मात्र 1923 मध्ये आलं तेव्हापासूनच न भडकणारं. घरासाठी, शाळेसाठी, पुढे टीव्ही केंद्रांसाठी. अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांकडे कार्टूनच्या 16 एमएम प्रिंटांचे ढीग होते. व्हिडिओ टेप आली आणि ते ढीग अडगळ झाले. कोणी विकले, कोणी फेकले. संग्राहकांची कपाटं भरली ती बरीचशी तिथून.

आता कोणी म्हणेल, मूळ निगेटिव्ह स्टुडिओकडे असेलच ना, या जुनाट ओरखडलेल्या प्रिंटा कशाला? त्याला उत्तर म्हणून एक ससा पुरेसा आहे.

1940 चं 'अ वाइल्ड हेअर'. बग्ज बनीचा पहिला खरा अवतार इथून धरतात. त्यात ससा मागून येऊन शिकारी एल्मर फडचे डोळे झाकतो आणि म्हणतो, ओळख पाहू कोण. एल्मर नट्यांची नावं घेतो, त्यात एक कॅरोल लोम्बार्ड. जानेवारी 1942 मध्ये लोम्बार्ड विमान अपघातात गेल्या. 1944 मध्ये वॉर्नर स्टुडिओने कार्टून पुन्हा बाजारात आणलं तेव्हा ते नाव काढून बार्बरा स्टॅनविकचं घातलं. इथवर ठीक, मेलेल्या माणसाचं नाव विनोदात नको, हे कोणालाही पटेल. पण अशी कार्टून्स 'ब्लू रिबन' म्हणून पुन्हा निघायची तेव्हा सुरुवातीची मूळ नामावली कापून तिथे निळ्या फितीची एकसारखी पाटी चिकटवायचे. मूळ तुकडा टाकून द्यायचे. दिग्दर्शक कोण, चित्रं कोणाची, गोष्ट कोणाची, सगळं गेलं. वॉर्नरने स्वतःच्या हाताने स्वतःच्याच माणसांची नावं कात्रीखाली घातली. म्हणून पहिल्या प्रदर्शनाची, नामावली शाबूत असलेली प्रिंट सापडली की संग्राहक लहान मुलासारखे नाचतात. मला आधी त्याचं हसू यायचं. सात मिनिटांच्या सिनेमातल्या तीस सेकंदांसाठी एवढा जीव टाकायचा! आता येत नाही.

(पडदा पुन्हा काळा. प्रोजेक्टर थांबतो.)

आता त्या डब्यांकडे, ज्यांच्यासाठी बरेच जण हा व्हिडिओ उघडतात.

1968 साली युनायटेड आर्टिस्ट्स या सिनेमा कंपनीने वॉर्नरची अकरा कार्टून्स टीव्हीच्या यादीतून काढली. जुनी वॉर्नर कार्टून्स तेव्हा त्यांच्या ताब्यात होती. कारण एकच. या अकरांत वर्णद्वेष एखाद्या प्रसंगात नाही, पायापासून कळसापर्यंत आहे, तो कापून काढला तर हातात काही उरत नाही. संग्राहकांच्या बोलीत ही 'सेन्सॉर्ड इलेव्हन'. बाहेर विकताना 'बंदी घातलेली' म्हणतात, आणि तो शब्द साफ चुकीचा आहे. कोणत्याही सरकारने बंदी घातली नाही. मालकाने कुलूप लावलं, एवढंच. अकरापैकी काहींचे हक्क तर वेळेवर नूतनीकरण न झाल्यामुळे केव्हाच संपले आहेत. पण 'बंदी' म्हटलं की डब्याची किंमत वाढते.

अकरांत सगळ्यात गाजलेलं बॉब क्लॅम्पेट यांचं 'कोल ब्लॅक अँड डी सेबेन ड्वार्फ्स', जानेवारी 1943. स्नो व्हाइटची गोष्ट, पात्रं सगळी काळी. क्लॅम्पेट आपल्या चित्रकारांना घेऊन लॉस एंजेलिसच्या क्लब अलाबॅममध्ये गेले, नाच पाहिला, ताल टिपला. नायिकेचा आवाज व्हिव्हियन डँड्रिज यांचा, राणीचा त्यांच्या आई रुबी डँड्रिज यांचा. संगीत पूर्णपणे काळ्या वादकांकडून करून घ्यावं अशी क्लॅम्पेट यांची इच्छा होती, निर्मात्याने ती मानली नाही.

आणि मग पडद्यावर काय? जाड ओठ, लोंबते ओठ, दातांच्या जागी फासे लावलेला राजपुत्र. मारेकऱ्यांच्या गाडीवर दरपत्रक लिहिलंय, त्यात जपानी माणूस मारायचे पैसे नाहीत, तो फुकट. युद्ध चालू होतं ना.

कार्टून म्हणून ते विलक्षण आहे. हे म्हणताना जीभ अडखळते, पण नाही म्हटलं तर खोटं होईल. हालचालीत अशी झिंग आहे, की कार्टूनचे जाणकार त्याला सर्वोत्तमांच्या यादीत घालतात. त्याच वर्षी काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने त्याला विरोध केला होता. हेही लक्षात ठेवायचं. "त्या काळात कोणाला काही वाटत नव्हतं" असं सर्रास म्हणतात. वाटत होतं. ज्यांना वाटत होतं त्यांना विचारलं नव्हतं.

मला स्वतःला जास्त छळतं ते दुसरंच एक, अकरांच्या यादीत नसलेलं. फ्लायशर स्टुडिओचं, 1932 चं, बेटी बूपचं. सुरुवातीला खुद्द लुई आर्मस्ट्राँग वाजवताना दिसतात, जिवंत, तिशीतले, तुतारी हातात. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या चित्रीकरणांपैकी हे एक. जॅझवर प्रेम करणाऱ्याने ते जपून ठेवावं असं. आणि काही मिनिटांत जंगलातला एक नरभक्षक पाठलाग करता करता आर्मस्ट्राँग यांचं डोकं होतो. नुसतं डोकं, हवेत गात गात, पुढे पळणाऱ्यांच्या मागे. आता हे रीळ कोणत्या कप्प्यात ठेवायचं? कापून अर्धं ठेवता येत नाही.

आपल्याला हे सगळं दूरचं वाटतं. पण लुंगी नेसलेला, "अय्यय्यो" करणारा मद्रासी आपल्या पडद्यावर किती वर्षं आला आणि किती वर्षं आपण हसलो, ते आठवून पाहा.

(रॉडी मॅकडोवल यांचं छायाचित्र.)

कपाटवाल्यांची ही दुनिया नेहमीच साजूक नव्हती. स्टुडिओ प्रिंट भाड्याने देत, विकत नसत, त्यामुळे खाजगी घरातली प्रिंट म्हणजे चोरीचा माल असा त्यांचा दावा. डिसेंबर 1974 मध्ये अभिनेते रॉडी मॅकडोवल यांच्या घरी एफबीआयने छापा घातला आणि त्यांचा अख्खा सिनेमासंग्रह उचलून नेला. खटला झाला नाही, पण धडकी सगळ्यांना भरली. कितीतरी जणांनी यानंतर तोंड मिटलं. आपल्याकडे काय आहे हे कोणालाच सांगायचं नाही. त्या गप्प बसण्यातही काही रिळं आंबली असणार.

उलटही झालं आहे, आणि त्यातली ओसाकाची गोष्ट मला फार आवडते. यासुशी वातानाबे नावाचा शाळकरी मुलगा महायुद्धानंतरच्या वर्षांत खेळण्यांच्या घाऊक बाजारातून एक छोटं रीळ घेतो. किंमत 500 येन. नाव मिकीचं. मुलगा मोठा होऊन अ‍ॅनिमेशनचा इतिहासकार होतो आणि वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, डिस्नेच्या हरवलेल्या ऑस्वाल्ड सशावरचं पुस्तक वाचताना त्याला ते रीळ आठवतं. तो मिकी नव्हताच. 1928 चं 'नेक अँड नेक', सगळ्यांनी हरवलं म्हणून सोडून दिलेलं. 2018 साली ही बातमी आली. सत्तर वर्षं ते घरातच होतं. त्याच ऑस्वाल्डचं दुसरं एक हरवलेलं कार्टून इंग्लंडमधल्या एका फिल्मसंग्रहात निघालं, तेव्हा 2011 च्या लिलावात डिस्नेने ते 31,250 डॉलर मोजून परत घेतलं. आपलंच, परत विकत.

फाळक्यांनी 1915 मध्ये काड्यापेटीतल्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' काढली होती. ती आज कुठेच नाही. कोणाच्या कपाटातही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर चांगलं-वाईट न निवडता मिळेल ते रीळ गोळा करायचे. पण ते संग्रहालय उघडलं 1964 मध्ये, तोवर काड्या केव्हाच विझल्या होत्या.

(हॉलिवूडच्या इजिप्शियन थिएटरची दर्शनी बाजू.)

एप्रिल 2010. क्लासिक चित्रपटांच्या महोत्सवात त्या अकरांपैकी आठ कार्टून्स मोठ्या पडद्यावर लागली. नीट दुरुस्त करून, स्वच्छ प्रिंटमधून. आधी काळ्या कलाकारांच्या सिनेमाचे इतिहासकार डोनाल्ड बोगल बोलले, मग दिवे मालवले. घरी लपून पाहण्यात आणि असं पाहण्यात फरक आहे. सभागृहात हसू फुटलं की शेजारी कोण बसलंय, ते आधी बघावं लागतं.

उरलेली तीन लागली नाहीत.

(पुन्हा तोच डबा. आत रिळावर कागदाची एक छोटी पट्टी.)

ही पट्टी डब्यात टाकून झाकण लावतात. आम्ल तपासायला. फिल्म ठणठणीत असेल तर पट्टी निळीच राहते. आंबायला लागली की हिरवी, मग पिवळी. डब्यात निंदनीय कार्टून आहे की गोंडस, हे तिला कळत नाही.

(पट्टी उजेडात धरली जाते.)

हिरवट आहे.