पेल्यातला बर्फ: ढगाळ का, नितळ कसा

[दृश्य: ट्रेमधून सुटलेला खडा, अगदी जवळून]

घरच्या फ्रीजमधला हा बर्फाचा खडा. कडा काचेसारख्या, पोटात मात्र पांढरा ढग. ट्रेला गार हवा चहूबाजूंनी लागते, म्हणून पाणी बाहेरून आत गोठत जातं. गोठताना बर्फ विरघळलेल्या हवेला आणि क्षारांना सामावून घेत नाही, पुढे ढकलतो. शेवटी ते सगळं मधोमध कोंडतं. पाणी उकळून घेतल्याने थोडा फरक पडतो, पण ढग पुरता जात नाही.

[दृश्य: थर्माकोलची पेटी, आत पाण्याचा डबा]

मग गोठण्याची दिशाच बदलायची. प्लॅस्टिकचा खोलगट डबा थर्माकोलच्या पेटीत घट्ट बसवा, साधारण १० सेंटिमीटर पाणी भरा आणि झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवा. गारवा फक्त वरून शिरतो. हवा, क्षार खाली रेटले जातात. १८ ते २४ तासांनी, तळाशी पाणी शिल्लक असतानाच डबा बाहेर काढा आणि ते पाणी ओतून टाका. विसरलात तर तळ पांढरा होतो. शिवाय गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, डबा तडकू शकतो.

वडी लगेच कापू नका, चिरफळ्या उडतील. पृष्ठभाग ओला, चकचकीत दिसेपर्यंत थांबा. मग दातेरी सुरी टेकवून वरून हलके ठोके द्या.

कारखान्यात लादी पारदर्शक हवी असेल तर साच्यातल्या पाण्यात नळीने हवा सोडून ते ढवळत ठेवतात आणि मधलं गढूळ पाणी उपसून काढतात. आणि हो, निळसर लादी पेल्यासाठी नाही: खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे.

[दृश्य: कोकम सरबताचा पेला]

आता सरबत. १ ग्रॅम बर्फ नुसता वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. म्हणजे गारवा मुख्यतः वितळण्यातून येतो, आणि वितळला की पाणी वाढणारच. २०० मिलिलिटर सरबत ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायला फ्रीजरमधला, उणे १८ अंशांचा बर्फ ५० ग्रॅमहून थोडा जास्त लागतो, साधारण तीन खडे. तेवढंच पाणी सरबतात उतरतं. म्हणून आगळ-साखरेचं प्रमाण पाव लिटरचं धरा. सरबत आधीच फ्रीजमध्ये ८ अंशांपर्यंत गार केलं असेल, तर ६-७ ग्रॅम पुरतात.

नितळ खडा सावकाश वितळतो म्हणतात, ते खरं तर त्याच्या मोठ्या आकारामुळे. चुरा झटपट गार करतो, पण तितक्याच झटपट पाणी सोडतो.

सोडा घालायचा असेल तर खडे आधी नळाखाली धरून निथळू द्या. त्यांच्यावरचं खरखरीत हिम धुतलं गेलं की फेस कमी येतो. सोडा सगळ्यात शेवटी, पेला तिरपा धरून, कडेकडेने.