लुआमधील ‘प्रिंट’ गेमच्या विंडोत का दिसत नाही?

नमस्कार. लुआ भाषेत गेम लिहायला घेतलेल्या बहुतेकांना पहिल्याच बैठकीत एक कोडे पडते: ‘प्रिंट’ बिनचूक लिहिलेले असते, प्रोग्रॅम एकही एरर न देता चालतो आणि तरीही गेमची विंडो काळीच राहते.

ब्राझीलमध्ये १९९३ साली तयार झालेली लुआ ही दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवता यावी अशा बेताने लहान ठेवलेली भाषा आहे. विंडो म्हणजे काय हे तिला ठाऊकच नसते, त्यामुळे तिच्या ‘प्रिंट’चा मजकूर कन्सोलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमचा साधा मजकूर दाखवणाऱ्या वेगळ्या खिडकीत, जातो. विंडोत मजकूर दाखवणे हे गेम चालवणाऱ्या इंजिनाचे काम. त्यासाठी आपण ‘लव्ह’ हे लुआत गेम लिहिण्याचे मोफत फ्रेमवर्क (तयार चौकट) वापरत आहोत आणि त्यात यासाठी ‘लव्ह डॉट ग्राफिक्स डॉट प्रिंट’ हे वेगळे फंक्शन आहे. त्याला मजकुरासोबत दोन आकडे द्यायचे: डाव्या कडेपासूनचे अंतर आणि वरच्या कडेपासूनचे अंतर. विंडो मुळात ८०० बाय ६०० पिक्सेलची असल्याने दुसरा आकडा ७०० दिलात, तर मजकूर विंडोबाहेर उमटतो आणि त्याबद्दल कोणतीही तक्रार येत नाही.

खरी मेख मात्र पुढे आहे. हीच ओळ ‘लव्ह डॉट लोड’मध्ये लिहिली तरी काही दिसत नाही, कारण लोड सुरुवातीला एकदाच चालते आणि त्यानंतर प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राच्या, आधी विंडो पूर्ण पुसली जाते. फळ्यावरचे अक्षर पुसेपर्यंत टिकते. इथे पुसणे सेकंदाला साधारण ६० वेळा होते, म्हणून मजकूरही तितक्याच वेळा, प्रत्येक फ्रेमला चालणाऱ्या ‘लव्ह डॉट ड्रॉ’मधून नव्याने काढावा लागतो. साधे ‘प्रिंट’ चुका शोधण्यासाठी उत्तमच आहे, फक्त ते ड्रॉमध्ये टाकू नका. कन्सोलमध्ये ओळींचा पूर येतो.

गुण दाखवताना बदलती संख्या व्हेरिएबलमध्ये ठेवायची आणि दोन टिंबे देऊन ती मजकुराला जोडायची. ते व्हेरिएबल लोडच्या आत ‘लोकल’ म्हणून घोषित केले असेल, तर ड्रॉला ते दिसत नाही, त्याची किंमत ‘निल’, म्हणजे काहीच नाही, अशी येते आणि जोडणीच्या त्याच ओळीवर गेम थांबतो. अशा वेळी घोषणा दोन्ही फंक्शनांच्या वर, फाइलच्या सुरुवातीला न्या.