कंपवात वाढलाय, का कोपरात नस दबलीय?

नमस्कार मंडळी, रंकाळ्यावर वारं लय आहे आज, आवाज फुटला तर सांभाळून घ्या. मी फिजिओ आहे, तर आमच्या गल्लीतल्या एका काकांचं सांगते, तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस, आता बरीच वर्षं कंपवात आहे, म्हणजे पार्किन्सन्स. त्यांना शर्टाचं बटण लागेना, कप हातातनं निसटायला लागला, आणि घरात सगळ्यांचं एकच, आजार वाढलाय, गोळी वाढवून घ्या. वाढवली. बाकी अंग जरा मोकळं झालं, हात तसाच.

मी विचारलं, काका मुंग्या कुठल्या बोटांत? तर म्हणाले करंगळीत आणि शेजारच्या अर्ध्या बोटात. आता कंपवात असं बोटं मोजून बधीर करत नाही हो!

हे बघा, कॅमेरा जवळ घेते. कोपराच्या आतल्या बाजूला हे हाड, इथं दाराची कड लागली की करंट बसतो ना, तिथनं अल्नर नर्व्ह जाते, अगदी कातडीखालनं. आपण नस म्हणतो, पण ही रक्ताची न्हवं. कंपवाताचं मूळ मेंदूत, डोपामिन कमी पडतं म्हणून अंग आखडतं, आणि आखडलेला माणूस बसतो कसा, तर पुढं वाकून, कोपर दुमडून, खुर्चीच्या लाकडी हातावर टेकवून, तासन्‌तास. रात्री आपण झोपेत न कळत कूस बदलतो, त्यांना ते जमत नाही, हात दुमडला की सकाळपर्यंत दुमडलेलाच, आणि दुमडलेल्या कोपरात नस ताणली पण जाते आणि तिची वाट पण अरुंद होते.

घरी एक करून बघा. अंगठा आणि तर्जनीच्या मधे कागद धरायला लावा आणि तुम्ही ओढा. कागद सुटू नये म्हणून अंगठ्याचं पेर वाकायला लागलं, किंवा त्या दोन बोटांमधला मांसल भाग खड्ड्यासारखा बसलाय, तर न्यूरॉलॉजिस्टला सांगा, ते एनसीव्ही करतील, बारीक झटके देऊन नस कुठं अडलीय ते बघतात. डीबीएसचं मशीन, म्हणजे कंपवातासाठी मेंदूत तारा घालून बसवतात ते, असेल तर आधी सांगायचं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधीर होऊन रात्री जाग येत असेल तर दाब बहुतेक मनगटात.

पायाचं पण तसंच. वजन उतरलेला माणूस पायावर पाय टाकून बसला की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबते आणि पाऊल लोंबतं, चप्पल घासत चालतो. दोन्ही तळपाय एकदम बधीर झाले तर मात्र दाब नसेल, बी१२ तपासा, लेवोडोपा, म्हणजे कंपवाताची नेहमीची गोळी, बरीच वर्षं चालू असलेल्यांत ते कमी सापडतं. आणि लघवीवरचा ताबा गेला किंवा एक बाजू अचानक लुळी पडली तर व्हिडिओ बघत बसू नका, थेट दवाखाना.

काकांना कुणीतरी कोपर रगडून मालीश करायला सांगितलेलं, ते पहिलं बंद केलं. दाबलेल्या नसेला आणखी कशाला दाबायचं! खुर्चीच्या हाताला जुन्या लुगड्याची जाड घडी बांधली, रात्री कोपराभोवती टॉवेल, सैल, फक्त दुमडू नये एवढा. तीन महिन्यांनी मुंग्या कमी झाल्या, कप धरतात. वरचं बटण अजून काकूच लावतात.