अंडं फेकायची घाई करू नका

संयोजकांनी विषय दिलाय 'सापाच्या अंड्यांची तब्येत'. वेळ अर्धा तास. त्यातली दहा मिनिटं माईकनंच खाल्ली.

आधी कायद्याचं उरकतो. धामण, दिवड, नाग, आपला अजगर यांतलं कुणी घरात असेल तर १९७२चा वन्यजीव कायदा माझ्यापेक्षा कडक आहे. देशी साप बघायचेत तर कात्रजच्या सर्पोद्यानात जा. मी बोलतोय ते बॉल पायथनबद्दल, म्हणजे लोक पाळतात त्या बिनविषारी आफ्रिकन अजगराबद्दल, आणि तोही सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवलेला. पिल्लं झाली की तीही कळवायची असतात. मागे कुणीतरी हसलं, त्यांनी कळवलेली दिसत नाहीत.

तर आमचे एक स्नेही, कोथरूडचे. नाव सांगत नाही, दुसऱ्या रांगेत बसलेत. त्यांच्या मादीनं सहा अंडी घातली आणि त्याच आठवड्यात सासरे मुक्कामाला आले. सासऱ्यांचा जन्म पोल्ट्रीत गेलेला. जावई ऑफिसला गेला की हे उबवणीच्या डब्याचं झाकण उघडून अंडी फिरवणार, रोज, अगदी मायेनं. कोंबडीचं अंडं फिरवावंच लागतं, नाहीतर गर्भ आतल्या पडद्याला चिकटतो. सापाच्या अंड्यात उलट आहे. घातल्यावर साधारण दिवसाभरात गर्भ वरच्या बाजूला ठरतो आणि तिथेच राहावा लागतो. म्हणून आम्ही वर पेन्सिलीची खूण करतो. सासऱ्यांना वाटलं, खूण फिरवण्याच्या सोयीसाठीच केलीय!

जावयानं भीत भीत सांगितलं. उत्तर आलं, "आम्ही काय अंडी पाहिली नाहीत का?" आता यावर जावई काय बोलणार? डबा मांडीवर घेऊन रिक्षानं माझ्याकडे. कर्वे रोडनं. खड्ड्यांबद्दल मी बोलत नाही, वेळ नाही. सासूबाईंचा निरोपही बरोबर: "ती बुरशीची दोन टाकून द्या, घरात नकोत." मी टाकली नाहीत. चार गेली. पिल्लं निघाली ती त्या बुरशीवाल्या दोनांतून.

पाच मिनिटं? बरं, पळतो.

निरोगी अंडं पांढरं, टणटणीत, कोरडं. लहान, पिवळट, मेणचट असेल तर ते मुळात फळलेलंच नाही. अंधारात बाजूनं टॉर्च टेकवा, अंडं न उचलता. लाल शिरांचं जाळं दिसलं की जीव आहे. सुरुवातीलाच खळगा पडला तर ओल कमी आहे. पाणी भोवतीच्या व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे डब्यातल्या ओल धरणाऱ्या खनिजाच्या भुश्यात घाला, अंड्यावर नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र खळगे पडणारच. बुरशी कोरड्या कापसानं पुसा. घाण वास, पाझर, आतून काळं पडणं, एवढं सगळं झालं तरच अंडं गेलं म्हणा. आणि तेही शेजारच्याला चिकटलं असेल तर ओढू नका.

तापमान ३१ ते ३२ अंश. एप्रिलात वरच्या मजल्यावर खोलीच ३५च्या पुढे जाते, पिल्लांचे कणे वाकडे होतात. तेव्हा हीटर नव्हे, गार खोली शोधा. वीज गेली तर झाकण उघडून बघत बसू नका.

साधारण ५५ ते ६० दिवसांनी कवचाला चीर पडते. पिल्लू डोकं बाहेर काढून दिवसभर तसंच बसतं, उरलेला बलक शोषत असतं. कवच कापायला काढलेली कात्री ठेवून द्या. पहिली कात टाकेपर्यंत खायला देऊ नका. प्रश्न खाली, चहाच्या टपरीवर.