द्राक्षातली साखर, रक्तातली साखर

निफाडच्या बागेत माल काढणीला आला की शेतकरी दोन-चार मणी चुरडतो, रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतो आणि नळी उजेडाकडे धरतो. रसात साखर जास्त, तर प्रकाश जास्त वाकतो. आकडा दिसतो: 18 ब्रिक्स. शंभर ग्रॅम रसात साधारण 18 ग्रॅम साखर.

मग माणसाची साखर अशीच, उजेडानं का मोजू नये? नाशिकच्या औषधबाजारातून, गोळे कॉलनीतून, साखर तपासायच्या स्ट्रिप्सचे डबे नेणाऱ्या आईवडिलांना विचारा. त्यांचं इन्सुलिनवरचं लेकरू दिवसातून चार-पाचदा बोट टोचून घेतं. हे तंत्र यायलाच हवं.

पण उपाशीपोटी शंभर मिलिलीटर रक्तात साखर असते 90 मिलिग्रॅमच्या आसपास. द्राक्षरसाच्या जवळपास दोनशेवा हिस्सा! तीही काचेवर नाही, कातडीच्या आड.

कोरोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश पाठवतो. तो जमतो, कारण हिमोग्लोबिनला रंग आहे आणि ऑक्सिजन मिळाला की तो रंग बदलतो. रक्तातल्या साखरेला, म्हणजे ग्लुकोजला, रंगच नाही. डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड प्रकाश ग्लुकोज थोडासा शोषतं, पण पाणी तोच प्रकाश कितीतरी जास्त शोषतं. त्यात घाम, कातडीची जाडी, तापमान. बोट किती दाबलं, यानंही आकडा हलतो.

मला जास्त आशा वाटते ती रामन परिणामाची. 1928 साली सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात दाखवलं, की पदार्थावरून विखुरताना प्रकाशाचा अगदी थोडा अंश रंग बदलतो, आणि हा बदल प्रत्येक रेणूचा वेगळा असतो. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी जिवंत डुकरांच्या त्वचेतून ग्लुकोजची ही खूण थेट टिपली. प्रयोगशाळेत, लेसर वापरून.

आणि तरीही, साखर दाखवणारी स्वस्त घड्याळं ऑनलाइन विकली जातात. फेब्रुवारी 2024 मध्ये औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं स्पष्ट सांगितलं: न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आमची मंजुरी नाही.

घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर हे नीट ऐका. खरी साखर 70 असताना घड्याळानं 200 दाखवली आणि त्यावर डोस घेतला, तर दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, वेळेत गोड मिळालं नाही तर शुद्ध हरपते. डोस ठरवा तो बोट टोचून साखर मोजणाऱ्या ग्लुकोमीटरवर. नाहीतर डॉक्टरांना दंडावरच्या सेन्सरबद्दल विचारा. त्याची बारीक तार कातडीखाली जाते खरी, पण एकदा लावला की साधारण दोन आठवडे चालतो.