पेन ड्राइव्ह खसकन ओढला तर नेमकं काय बिघडतं?

(पेन ड्राइव्हचं तोंड कॅमेऱ्याला जवळजवळ टेकवून)

हे तोंड नीट बघा. फोकस येऊ दे... हां, आला. आत चार सोनेरी पट्ट्या आहेत. कडेच्या दोन अगदी पुढपर्यंत आल्यात, मधल्या दोन जरा आखूड. हे मुद्दाम केलेलं आहे. कडेच्या पट्ट्या विजेच्या, मधल्या डेटाच्या. खुपसताना आधी वीज जोडली जाते आणि मग डेटा. उपसताना उलटं, आधी डेटा सुटतो, वीज शेवटी. चालू कॉम्प्युटरमधून लोक ही वस्तू काढणार-घालणार, हे १९९६ साली यूएसबीचं पहिलं स्पेसिफिकेशन आलं तेव्हाच गृहीत धरलेलं होतं. त्यामुळे ‘इजेक्ट न करता (म्हणजे काढतोय हे कॉम्प्युटरला आधी न सांगता) काढलं की पोर्ट जळतं’ असं कुणी सांगितलं, तर मान डोलवा आणि सोडून द्या.

जातो तो डेटा. आणि तो कसा जातो, ते मी स्वतः माती खाऊन शिकलोय.

आमच्या काकांचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नसराईत मी तिथे मदतीला बसायचो. एका गिऱ्हाइकाला पत्रिकेची कोरलड्रॉची फाइल पेन ड्राइव्हवर हवी होती, छापायला तालुक्याला न्यायची होती आणि त्यांची एसटी सुटायला आलेली. कॉपीची हिरवी पट्टी भरली, खिडकी गेली, मी ड्राइव्ह उपसून त्यांच्या हातात ठेवला. तासाभराने छापखान्यातून फोन. फाइल दिसतेय, नाव बरोबर आहे, साइज शून्य केबी.

मला वाटलेलं, पट्टी भरली म्हणजे फाइल पोचली. पण पेन ड्राइव्हवर लिहिणं हे संथ काम, आणि कॉम्प्युटरची रॅम, म्हणजे कामापुरती मेमरी, त्याच्या कितीतरी पट वेगवान. मग ऑपरेटिंग सिस्टिम काय करते, डेटा रॅममध्ये घेते, तुम्हाला ‘झालं’ म्हणून सांगते आणि प्रत्यक्ष लिहिण्याचं काम मागून उरकते. याला राइट कॅशिंग म्हणतात. वाण्याने सामानाच्या यादीवर ‘पोचलं’ अशी खूण करावी आणि पोरगा पिशव्या घेऊन अजून रस्त्यातच असावा, तसं.

शिवाय लिहायच्या गोष्टी दोन असतात. एक फाइलचा मजकूर. दुसरी ड्राइव्हवरची नोंदवही, म्हणजे कुठली फाइल कुठे ठेवली, किती मोठी आहे, याचा हिशोब. ही नोंदवही ठेवायच्या पद्धती वेगवेगळ्या, आपले बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट३२ नाहीतर एक्सफॅट पद्धतीचे. त्यांत अर्धवट राहिलेला व्यवहार सावरायला वेगळी रोजनिशी नसते. मजकूर उतरला आणि नोंद व्हायच्या आत ड्राइव्ह निघाला, तर फाइल असूनही नसल्यासारखी. एनटीएफएस नावाच्या पद्धतीत अशी रोजनिशी असते, पण तिनेही नोंदवही जागेवर येते. न लिहिलेला मजकूर कुठून आणणार?

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, ‘दादा, विंडोजमध्ये आता इजेक्ट करायची गरज नाही.’ बरोबर आहे, पण अर्धं. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या शेवटापासून, मायक्रोसॉफ्टने ‘क्विक रिमूव्हल’ हीच डिफॉल्ट पॉलिसी केली. तीत विंडोज बाहेरच्या ड्राइव्हसाठी लिहिणं असं मागे ठेवत नाही. तुमच्याकडे काय आहे ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन, त्या ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉलिसीज’ टॅबवर दिसेल. पण कॉपी चालू असेल, किंवा एक्सेलची फाइल थेट पेन ड्राइव्हवरून उघडून तुम्ही काम करत असाल, तर कुठलीच पॉलिसी कामाला येणार नाही. आणि लिनक्सवाल्यांनो, तुमच्याकडे पट्टी भरल्यावरही डेटा रॅममध्ये रेंगाळतो. टर्मिनलमध्ये ‘सिंक’ कमांड द्या. ती परत आली की समजा, लिहून झालं.

माउस, कीबोर्ड, हेडफोन, वेबकॅम? बिनधास्त उपसा, त्यांच्यावर काही लिहायचं बाकी नसतं. प्रिंटर छापत नसेल तर तोही. केबलने जोडलेल्या मोबाइलवर कॉपी चालू नसली की झालं.

आता ही.

(फिरती हार्ड डिस्क तळहातावर, केबल जोडलेली)

पेन ड्राइव्हपेक्षा हिला जपा. तळहाताला बारीक थरथर लागतेय. आत तबकडी फिरतेय, बहुतेक अशा छोट्या डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० फेरे, आणि तिच्यावर केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर वाचणारं हेड तरंगतंय. वीज अचानक गेली तर ते हेड सुरक्षित जागी मागे घेण्याची सोय डिस्कमध्ये असते. पण ती आणीबाणीतली सोय. रोज एसटीच्या मागच्या दारातून उतरण्यात काय शहाणपण? इजेक्ट करा, थरथर थांबेपर्यंत दोन-चार सेकंद थांबा, मगच उचला. लग्नाचे फोटो काढणारे माझे मित्र फिरती डिस्क हातात घेऊन टेबलावरून टेबलावर जातात, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो.

इजेक्ट दाबलं आणि ‘डिव्हाइस वापरात आहे’ असा निरोप आला, तर बहुतेकदा फाइल उघडी राहिलेली असते, नाहीतर अँटिव्हायरसचं स्कॅन चालू असतं. तरी समजेना, तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये ‘सिस्टिम’, आणि तिथे ‘कर्नल-पीएनपी’ची २२५ नंबरची नोंद शोधा. कुठल्या प्रोग्रामने अडवलंय, ते तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. माझ्याकडे एकदा मागे लपून चालू राहिलेला व्हिडिओ प्लेअर निघाला. काहीच जमेना, तर कॉम्प्युटर बंद करून काढा.

आणि तो शून्य केबीचा ड्राइव्ह? काकांनी एकच सांगितलं, ‘त्यावर आता काहीही कॉपी करायचं नाही, म्हणावं, तसाच परत पाठवा.’ नवीन फाइल जुन्या मजकुराच्या जागेवर बसू शकते, म्हणून. संध्याकाळच्या एसटीने ड्राइव्ह आला. त्यावर चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम चालवला आणि हरवलेले तुकडे फाइल म्हणून ठेवू का, असं विचारल्यावर हो म्हटलं. ‘फाउंड.०००’ नावाचा लपलेला फोल्डर तयार झाला, आत ‘सीएचके’ एक्स्टेन्शनची एक फाइल. तिचं एक्स्टेन्शन बदलून कोरलड्रॉचं ‘सीडीआर’ केलं, डबल क्लिक केलं, आणि स्क्रीनवर गणपती उमटला. खाली वधू-वरांची नावं. शाबूत. दुसऱ्या दिवशी ड्राइव्ह द्यायला तालुक्याला मी गेलो, एसटीचं तिकीट माझ्या खिशातून.